उसनी चाळणी

शिकागोत डिसेंबर खिडकीच्या आतल्या बाजूनेही गोठतो.
आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर
दक्षिण पसरून बसलोय.

रॉस्कोला नकाशा कागदाचाच लागतो.
फोन रस्ता दाखवतो, म्हणतो, मुलूख नाही दाखवत.
चार कोपऱ्यांवर वजनं ठेवलीत :
मिठाची बाटली, आईच्या गोळ्यांची डबी,
माझ्या किल्ल्या, अर्धं सोललेलं संत्रं.

पंचावन्न नंबरचा महामार्ग. सरळ खाली.
पहिला मुक्काम मेम्फिस.
मग डेल्टा : कापूस वेचून झालेली सपाट जमीन,
मक्याच्या पानात बांधलेले तिखट टमाले,
एका पत्र्याच्या खोलीत शनिवारी रात्री
गिटार वाजवणारा कुणी म्हातारा, असलाच तर.
पुढे अलाबामा. नदीच्या वळणावर
जुन्या पँटींच्या गोधड्या शिवणाऱ्या बायका.
"आता त्या गोधड्या संग्रहालयात टांगतात," रॉस्को सांगतो.
"मग पांघरतं काय कोण?" आई विचारते.

तेवढंच बोलते. मग पुन्हा घेवड्याच्या शेंगा.

माझी यादी निराळी.
हॉटेलं, त्यांचे दर, नाश्ता आहे की नाही,
आईच्या गुडघ्यांना दर दोन तासांनी थांबा.
आजोबांचीही अशी यादी होती म्हणे,
कुठल्या पंपावर आपल्याला संडास वापरू देतात त्याची.
फार छोटी होती. पाठ होती त्यांना.

आई उठते, कपाटातून बुटांचं खोकं काढते.
तळलेली कोंबडी यात मावते, उकडलेली अंडीही.
"आई, वाटेत जागोजागी खायला मिळतं."
"मिळू दे की."
खोकं टेबलावर. मिसिसिपीच्या बरोब्बर मध्यावर.

आणि मग, खोक्याच्या तळाशी,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली
पिठाची चाळणी.
मूठ गंजलेली, जाळी अजून शाबूत.

"मिस ओटाची," आई म्हणते.
"बिस्किटं करायला आणली होती. उसनी.
त्याच दिवशी बाबा वजनकाट्यापाशी मालकाला म्हणाले,
तुमचा काटा खोटं बोलतो.
रात्री बाराच्या गाडीला आम्ही.
मी नऊ वर्षांची. हातात हीच होती,
कुणी ठेव म्हणालं नाही."

बाहत्तर वर्षं हिच्यातून आमच्याकडे पीठ पडलं.
केक पडले, वाढदिवस पडले,
रॉस्कोचं लग्न, माझा घटस्फोट.
आम्हाला वाटायचं, आपलीच.

रॉस्को खोडरबर शोधतो.
मेम्फिस एका रात्रीवर येतं.
गोधड्या परतीच्या वाटेवर ढकलल्या जातात.
नकाशावर जिथे तो टिंब काढतो
तिथे छापलेलं नाव नाही,
एक ओढा आहे आणि कागदाची घडी.

मी चर्चचा नंबर मिळवते.
पाद्र्याची बायको दुसरा देते. दुसऱ्यावर तिसरा.
तिसऱ्यावर टीव्हीचा आवाज, एक कुत्रं,
एक बाई : मी टवांडा, ओटा माझी पणजी.
मी सांगते. नीट सांगता येत नाही.
चाळणी, हो, पिठाची.
एकोणीसशे त्रेपन्न.

पलीकडे टीव्ही बंद होतो.

"थांबा हं," ती म्हणते. बराच वेळ कुणीच नाही.
मग : "मावशीला विचारलं. ती म्हणते,
अजून पीठ हाताने झटकतोय म्हणावं आम्ही."
आणि हसते. एवढी हसते
की फोन कानापासून लांब धरावा लागतो
आणि आई टेबलाच्या त्या टोकाला ऐकते.

"येताना पिशव्या आणा," टवांडा म्हणते,
"झाडाखाली पेकनचा सडा पडलाय, वेचायला माणूस नाही."

आई काहीच म्हणत नाही.
थोड्या वेळाने म्हणते,
"दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत.
पण चाळणीत राहतं काय?"

रॉस्को नकाशाच्या कोपऱ्यावरचं संत्रं उचलतो.
कागद लगेच गुंडाळायला लागतो,
फ्लोरिडाच्या बाजूने.

"सोललेलं नाही रे," आई म्हणते, "सबंध.
डझनभर आण."